मनाला विचारून सांग

भेस्तान, सुरत
१९ जानेवारी, रविवार

बाई, सकाळपासून तुमचं स्वयंपाकघर रिकामं करते आहे. तेरावा झाला, निखिल काल परत गेला. जाताना किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाला, "मावशी, धान्याचं तेवढं बघाल? किडे पडतील." आईच्या भरल्या घरातलं मुलाला नेमकं तेवढंच सुचलं, याचा मला राग आला नाही. मलाही आधी तेच सुचलं होतं. दुःख सवडीने केलं तरी चालतं, तुरीची डाळ थांबत नाही.

तांदूळ आणि गहू पिशव्यांत भरून वॉचमनकडे दिले. कळण्याचं, ज्वारी-उडदाचं पीठ मी ठेवून घेतलं. सोसायटीत त्याची भाकरी दुसऱ्या कुणाला थापता येत नाही. मी सातारची, मलाही तुम्हीच शिकवलीत, आणि तीन वेळा मोडल्यावर "तुझी भाकरी म्हणजे नकाशा आहे" असं म्हणून चौथ्यांदा थापायला लावलीत. लोणच्याची बरणी निखिलने नेली नाही, विमानात गळेल म्हणाला. ती इथेच ओट्यावर आहे. तिचं काय करायचं ते ठरत नाही.

डबे घासले. त्यांच्यावरच्या तुमच्या स्पॅनिश चिठ्ठ्या मात्र निघत नाहीत. तांदळाच्या डब्यावर "आर्रोथ", साखरेवर "आथूकार", डाळीच्या सगळ्या डब्यांवर एकच "लेन्तेखास", कारण तुमच्या मते त्या लोकांना डाळीतलं काही कळत नाही. सगळं देवनागरीत, तुमच्या फळ्यावरच्या अक्षरात. फ्रिजवर, आरशावर, आतल्या खोलीच्या दारावरही. दारावर "पुएर्ता". पाण्यात भिजवून, नखाने खरवडून पाहिलं. शेवटी सोडून दिलं. भंगारवाल्याला स्पॅनिश येत नसेल तर त्याचं नशीब.

मंडळाच्या अंकाचे लोक म्हणाले, बाईंवर चार चांगले शब्द लिहा. चांगले शब्द तुमच्याकडे असायचे. माझ्याकडे एक अर्धवट राहिलेला वाद आहे, तोच लिहिते. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण इतर लोक वाचणार, तेव्हा त्यांच्यासाठी पहिल्यापासून सांगावं लागेल. कंटाळू नका.

उधन्याच्या महापालिकेच्या मराठी शाळेत तुम्ही जन्मभर शिकवलंत. खानदेशातून मिलमध्ये आलेल्यांची निम्मी पोरं तुमच्या हाताखालून गेली. तुम्ही अमळनेरच्या, त्यामुळे पोरांशी अहिराणीत बोलायचात आणि मराठीत मारायचात. माझ्या मुलालाही तुम्हीच शिकवलंत, म्हणून माझ्याही तुम्ही बाईच. नंतर निखिल स्पेनला गेला, तिकडचीच मुलगी केली. मार्ताला इंग्रजी जेमतेम, तुम्हाला त्याहून जेमतेम. "सुनेशी भांडायला तरी भाषा हवी ना गं, शोभा," असं म्हणून निवृत्तीनंतर तुम्ही स्पॅनिश शिकायला बसलात. फोनवरून, पुस्तकातून, आणि डब्यांवर चिठ्ठ्या लावून. जीभ दातांत धरून म्हणायचा तो "थ" काढताना तुमची कवळी हलायची. मी हसले की म्हणायचात, "हस. तू सासू होशील तेव्हा सून गुजराती आली तरी तुला बोलता यायचं नाही."

भांडण कधी झालंच नाही. तुम्ही दोघी रोज संध्याकाळी फोनवर एकमेकींना भाज्यांची नावं शिकवत बसायचात.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आमच्या मिलला स्पेनची पार्टी आली. मी त्या मिलचं ऑफिस सांभाळते. माणसं, पाळ्या, चाव्या, सगळं माझ्याकडे. येणारी बाई मोठ्या दुकानांसाठी ओढण्या आणि ड्रेसचं कापड घेणारी. तिच्याबरोबर येणारा दुभाषा ऐनवेळी मुंबईत आजारी पडला. शेठ हवालदिल. मी म्हटलं, माझ्या शेजारी एक शिक्षिका राहतात. शेठना आधी वाटलं मी गंमत करते. मग तुम्ही तुमची जरीकाठाची हिरवी साडी नेसून आलात, त्या पाहुणीशी दोन वाक्यं बोललात आणि ती हसली. शेठ माझ्या कानात म्हणाले, "शोभाबेन, आ टीचर तो जबरी छे!"

पाहुणीने मिल पाहिली. मी आठवडाभर तयारी केली होती. सगळ्यांना हातमोजे, मास्क, भिंतीवर नवी औषधपेटी. कापडाच्या घड्या घालतात त्या घडीखात्याचं मागचं दार त्या दिवशी सताड उघडं होतं. एरवी त्याला कुलूप असतं. ते दार खाडीकडच्या गल्लीत उघडतं आणि त्या गल्लीतून कापडाचे ताकेच्या ताके चोरून बाहेर जायचे, म्हणून कुलूप. त्या दिवशी कुलूप माझ्या टेबलाच्या खणात होतं. सगळ्या मिल हेच करतात. त्यात मी काही जगावेगळं केलं नव्हतं, आणि आजही तसंच म्हणते.

पाहुणी घडीखात्यात थांबली. समोर भटू होता. तुमचा विद्यार्थी, तिसरीपासूनचा. तिने तुमच्यामार्फत विचारलं, हे दार रोज असंच उघडं असतं का? भटूने माझ्याकडे पाहिलं आणि शिकवल्याप्रमाणे म्हणाला, "हो, उघडंच असतं." तुम्ही ते तिला सांगितलंत. तिने दाराकडे पाहिलं. कडीवर कुलपाच्या घासण्याची ताजी चकाकी होती, ती काही मला पुसून टाकता आली नव्हती. मग ती तुम्हाला आणखी एक वाक्य बोलली. छोटंसंच. आणि तुम्ही थांबलात.

तुम्ही इतका वेळ थांबलात की शेठ म्हणाले, "शुं थयुं, टीचर?"

ते वाक्य तुम्ही मला नंतर सांगितलंत. "त्याला म्हणावं, कोन्थिएन्थिया स्मरून उत्तर दे." तो शब्द तुम्हाला माहीत होता, मराठीही माहीत होतं. सदसद्विवेकबुद्धी. दहावीच्या पेपरात शोभेल असा शब्द. तो तुम्ही उच्चारला असतात तर भटूने ती काहीतरी सरकारी शपथ समजून "हो साहेब" म्हटलं असतं, पाहुणी पुढे गेली असती, आणि ओढण्या स्पेनला.

तुम्ही मास्क खाली केलात. म्हणालात, "भटू, मनले इचारीसन सांग."

मनाला विचारून सांग. एवढंच. भटूने खाली पाहिलं. पायाने जमीन उकरल्यासारखं केलं, तिसरीतला मुलगाच जणू. मग म्हणाला, "बाई, दारले कुलूप राहस."

आणि तुम्ही ते स्पॅनिशमध्ये सांगितलंत. कवळी न हलता.

 पाहुणी गेल्यावर शेठ केबिनमध्ये मला एवढंच म्हणाले, "अंतरात्मा घेर राखवानो, शोभाबेन. मिलमां नहीं." अंतरात्मा घरी ठेवायचा, मिलमध्ये नाही. ऑर्डर आली नाही. त्या ऑर्डरवर चालणार होती ती रात्रपाळी बंद झाली. भटूला कुणी काढलं नाही, तो पाळीबरोबर आपोआप गेला. त्याच्याबरोबर आणखी माणसं गेली, ज्यांना कुणी काही विचारलंही नव्हतं.

त्या संध्याकाळी तुमच्या याच ओट्याशी उभी राहून मी तुम्हाला बोलले. आवाज चढवून बोलले.

"तुम्ही भाषांतर करायला आला होतात."

"मग काय केलं मी?"

"भाषांतर नाही केलंत. त्या बाईने कुठल्याही माणसाला विचारावं तसं विचारलं. तुम्ही त्याला शाळेतल्या बाई म्हणून विचारलंत. भटूने स्वतःच्या मनाला नाही विचारलं. तुमच्या तोंडाकडे बघितलं आणि बोलला. हे मन नव्हे, ही तुमची छडी."

तुम्ही चहा गाळत होतात. गाळणं आपटून म्हणालात, "आणि आधी 'उघडंच असतं' म्हणाला, तेव्हा कुणाच्या तोंडाकडे बघत होता गं?"

बघत होता माझ्याच तोंडाकडे.  पण माझा मुद्दा त्यामुळे खोटा ठरत नाही, हे मी तेव्हाही म्हटलं होतं.

तुमचंही काही शांत झालं नव्हतं. तुम्ही भटूच्या घरी गेलात, शेवेची पिशवी घेऊन. दारातच त्याच्या बायकोने ऐकवलं, "बाई, तुमनं मन तं मोकळं व्हयनं. आमनी चूल कोन पेटाडी?" तुम्ही पिशवी उंबऱ्यावर ठेवून परत आलात आणि चपला न काढता माझ्याकडे येऊन बसलात. त्यानंतर कितीतरी दिवस तुम्ही त्या एका शब्दाच्या मागे होतात. मार्ताला विचारायचात, मग मला येऊन सांगायचात. पश्चात्तापाला त्यांच्याकडे शब्द आहे त्यात चावणं आहे, पुन्हा पुन्हा चावणं. आपण म्हणतो मन खातं. "बघ, त्यांच्याकडेही ते खातंच. आणि मार्ता म्हणते, त्यात एक किडा पण असतो, मनातला बारका किडा." मी म्हटलं, डाळीत किडे, मनातही किडेच, तर तुम्ही हसलात, पण थोडंसंच. आणखी एकदा म्हणालात की शुद्धीवर असण्याला आणि या सदसद्विवेकाला त्यांच्यात एकच शब्द आहे. मी म्हटलं, मीठ आणि साखर एका डब्यात ठेवणारी माणसं. तुम्ही म्हणालात, "डब्यांवरून आठवलं. बाकी सगळ्या शब्दांना जागा मिळाली गं घरात. हा कुठे चिकटवायचा ते कळत नाही."

मी तेव्हा काहीतरी थट्टा केली. गॅसच्या शेगडीवर चिकटवा, असं काहीतरी.

शेठनी पाहुणी गेल्यावर महिनाभर दार उघडं ठेवायला सांगितलं होतं. मग ताके जायला लागले आणि कुलूप परत आलं. तुम्ही गॅलरीत उभ्या असायचात. मी संध्याकाळी गेटातून आले की वरून विचारायचात, "दार?"

मी म्हणायचे, "बंद."

कधी खोटं बोलले नाही. तुम्हाला खोटं सांगायचं तर मला ते आधी ठरवावं लागलं असतं, आणि दिवसभर मिलमध्ये घासल्यावर एवढी शक्ती कुणात असते. "बंद," आणि कधीकधी पुढे, "कापड जातं, बाई. तुम्ही येऊन राखण बसा." तुम्ही म्हणायचात, "माणसं आत असतात." मी म्हणायचे, "मला माहीत आहे आत काय असतं." कापडाच्या त्या ढिगांना एक ठिणगी पुरते आणि पुढच्या दाराकडे जायचा रस्ता त्या ढिगांमधूनच आहे, हे मला तुमच्याहून जास्त माहीत होतं. मग तुम्ही म्हणायचात, "ये वर, चहा टाकते." वाद तिथे थांबायचा. रोज. लोकांना वाटायचं आमचं काहीतरी नमस्कार-चमत्कार चाललंय.

त्या चहाचं मी कधी काही बोलले नाही. आमचे हे गेले तेव्हा लोक माझ्याकडे येऊन गळ्यात पडत होते. तुम्ही आलात, पिण्याचं पाणी भरलंत, पिठलं टाकलंत आणि म्हणालात, "आधी जेव. रडायचं ते जेवून रड, भुकेलं रडलं की चक्कर येते." मला जे हवं होतं ते नेमकं तुम्ही केलंत, आणि मी ताट घासून ठेवलं, बस्स. आभार मानायची आपल्यात पद्धत नव्हती. आता तुम्ही गेल्यावर पद्धत पाडून काय करू.

तुम्हाला न्यायचं ठरलं तेव्हा निखिलचं विमान अजून यायचं होतं. खांदा द्यायला शाळेतली पोरं आली. पोरं कसली, डोक्यावरचे केस गेलेले बाप्ये. त्यांत भटू होता. आता तो बारडोलीला साखर कारखान्यात हंगामावर जातो. तिथून आला होता. सगळं झाल्यावर हात-पाय धुऊन नळाशी उभा होता. मी जवळ गेले. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हटलं, "तुझं नुकसान झालं रे त्या वेळी."

तो म्हणाला, "बाईनी इचारं म्हनीसन सांगं. नही तं कसाले सांगतू?"

बाईंनी विचारलं म्हणून सांगितलं. नाहीतर कशाला सांगितलं असतं? म्हणजे बाई, मी बरोबर होते. ते त्याचं मन नव्हतं, तुमचं विचारणं होतं. एवढा वाद घातला आपण, आणि त्यानेच माझ्या बाजूने निकाल दिला. मी तो तुम्हाला सांगायला वळले, अक्षरशः वळले, आणि मागे नुसती माणसं आपापल्या चपला शोधत होती.

भटूने रुमालाने तोंड पुसलं. "आते कोन इचारी?" म्हणाला, आणि बसथांब्याकडे गेला.

त्यानंतर रोज संध्याकाळी मी गेटातून येते. तुमच्या गॅलरीच्या कठड्याला उत्तरायणातला तुटलेला मांजा अडकलाय, कुणी काढलेला नाही. वरून कुणी काही विचारत नाही. माझ्या तोंडात "बंद" तयार असतो. तो तसाच घेऊन मी जिना चढते. आधी एक दिवस, दोन दिवस, मग मला वाटलं सवय मोडेल. मोडली नाही. न विचारलेलं उत्तर इतकं जड असतं, हे मला माहीत नव्हतं. तुम्ही विचारायचात तेव्हा मी ते बोलून टाकायचे आणि मोकळी व्हायचे. माझ्या वाटचं खायचं काम तुमचं मन करत होतं. मी फक्त हिशेब चुकवल्यासारखी रोज एक शब्द टाकून जात होते.

आज दुपारी डबे पालथे घालत असताना फोन आला. मार्ता. व्हिडिओवर. निखिल अजून घरी पोचायचा होता. तिला तुमचं स्वयंपाकघर बघायचं होतं. मी फोन फिरवून दाखवलं. मी चिठ्ठ्या वाचत गेले, "आर्रोथ, आथूकार", आणि प्रत्येक शब्दाला ती रडायची. मला स्पॅनिश येत नाही, तिला माझं मराठी कळत नाही. मी लोणच्याची बरणी उचलून दाखवली आणि हाताने खूण केली, पाठवते. काय म्हणून पाठवणार होते कुणास ठाऊक. ती मान हलवत होती.

मग डोळे पुसून तिने माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाली, "शोभा?"

मी म्हटलं, "हं."

ती म्हणाली, "दार?"

मराठीत. तुमच्याच चालीत, र जरा लांबवून. तुम्ही तिला सांगत होतात तर. रोज संध्याकाळी मी वर येऊन चहा पिऊन गेले की तुम्ही फोन लावून भाज्यांबरोबर हेही सांगत होतात, आणि ती तिकडून विचारत होती, आणि तुम्ही माझं उत्तर तिला देत होतात. मला न सांगता.

मी म्हटलं, "बंद."

तिने हळूच मान डोलावली. रागावली नाही. तिला तेच अपेक्षित होतं. फोन ठेवला. डाळीच्या डब्यांचं पाणी निथळून फरशीवर आलं होतं, ते पुसलं.

मी अजूनही म्हणते, तुम्ही भटूला तसं विचारायला नको होतं. त्याची चूल विझली आणि त्यातून कुणाचं भलं झालं नाही, दारसुद्धा उघडलं नाही. हा वाद मी सोडलेला नाही. फक्त त्या दिवशी तुम्ही चुकीच्या माणसाला विचारलंत, एवढं मला आता दिसतं. किल्ली त्याच्याकडे नव्हती.

सोमवार

सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी मिलमध्ये गेले. पुढच्या फाटकावरच्या दोन वॉचमनपैकी एकाची खुर्ची उचलून घडीखात्याच्या मागच्या दाराशी, बाहेरच्या बाजूला ठेवली, त्याला तिथे बसवलं. दोघं पुढे बसून नुसते तंबाखू मळतात. कुलूप काढलं. ताक्यांचे ढीग दोन्ही भिंतींना लावून घेतले, मधे हातगाडी जाईल एवढी वाट सोडली. शेठचा फोन आला, कुणीतरी लगेच कळवलं असणार. "शोभाबेन, माल जशे तो?" मी म्हटलं, "जाय तो मारूं नाम लखजो." माल गेला तर माझ्या नावावर लिहा. मग त्यांनी दुसरंच काहीतरी विचारलं. उद्या पुन्हा फोन करतील. तेव्हाचं तेव्हा बघू.

ऊन वर आलं तशी खाडीची घाण आत यायला लागली. भटूच्या जागेवर आता एक नवा माणूस आहे, नंदुरबारकडचा. त्याने नाकाला रुमाल लावला आणि दाराला हात घालत म्हणाला, "मॅडम, लोटून घेऊ का? लई वास येतो."

मी म्हटलं, "येऊ दे."